लाल उजेडातल्या चंद्रकलाबाई

आमच्या कॉलेजच्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेत एक अंतर्गोल आरसा कमी भरला आणि त्यामुळे माझी चंद्रकलाबाईंशी खरी ओळख झाली. तोवर अठरा वर्षं मी त्यांना रोज पाहत होते, पण हजेरीपटावरची वळणदार सही यापलीकडे त्यांच्याबद्दल मला फारसं काही माहीत नव्हतं.

नांदेडच्या मुलींच्या कॉलेजात मी कार्यालय अधीक्षक, त्या प्रयोगशाळा परिचर. मुदखेडहून सकाळच्या गाडीने यायच्या. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, पदर खोचलेला, पायात आवाज न करणाऱ्या रबरी चपला. शिक्षण नववीपर्यंत झालेलं. पण पुढची तीस वर्षं उजेडाचे प्रयोग मांडून देण्यात गेली होती. मुली यायच्या आत त्या दिवा, फट, भिंग आणि पडदा एका रेषेत लावून ठेवत. नवीन प्राध्यापक भिंग भलतीकडे सरकवायला लागले की टेबलाच्या टोकाशी उभ्या राहून नुसत्या खाकरायच्या. प्राध्यापक भिंग मागे घ्यायचे.

कपाटातल्या प्रत्येक जिनसेला त्यांच्या हातची चिठ्ठी असे. तुटलेल्या स्क्रूलासुद्धा. "नाव न्हाई ती चीज सापडत न्हाई, म्याडम," असं त्या मला दरवर्षी सांगायच्या. त्यांचं दुसरं ठरलेलं वाक्य म्हणजे, "बघितल्याबिगर कसं कळंल?" नवीन प्रिझम आले की त्या प्रत्येक प्रिझममधून खिडकी बघायच्या, ट्यूबलाइट बघायच्या, व्हरांड्यातून जाणारी माणसं बघायच्या. एकदा मला कानात म्हणाल्या, "प्राचार्य सरांच्या टकलाला आज जांभळी कड सुटलीय. प्रिझम चांगलाय."

मार्चमध्ये साठा मोजणीला मी गेले. यादी माझ्या हातात, कपाट त्यांच्या ताब्यात.

"अंतर्गोल आरसे बारा," मी वाचलं.

"अकरा," त्या म्हणाल्या.

"बारावा फुटला का?"

"न्हाई."

"मग कुठंय?"

"घरी हाय."

तीस वर्षांत त्यांच्या कपाटातून टाचणी हललेली नव्हती. मी पेन खाली ठेवलं. "घरी? कामून?"

त्यांनी डार्करूमचं दार उघडलं, मला आत घेतलं आणि दार लावलं. तिथे अंधार असतो, माणसाचं तोंड दिसत नाही. बहुधा म्हणूनच त्यांनी ती जागा निवडली.

अकरा वर्षं त्यांना खाली, लघवीच्या जागेच्या आसपास खाज होती. साधी नव्हे, झोपेतून उठवणारी. कातडी कागदासारखी पातळ झालेली, जरा कशाने चिरायची. गाडीत बसलं की आग, लघवीला गेलं की आग. घरात कुणी म्हणालं उष्णता, कुणी म्हणालं उतारवय. औषधाच्या दुकानातून दर वेळी वेगळी ट्यूब आणायच्या आणि दुकानदाराला पायाच्या बोटांचं कारण सांगायच्या. नवरा, म्हणजे त्यांच्या भाषेत मालक, रेल्वेत रूळ दुरुस्तीच्या कामावर होता. जवळ आला की या अंग चोरायच्या. मालकाने बाहेरच्या खोलीत बाज टाकली, त्यालाही अकरा वर्षं होत आली होती. दोघांनी कधी एकमेकांना कारण विचारलं नाही.

मग कॉलेजात महिला कर्मचाऱ्यांची आरोग्य तपासणी झाली. तिथल्या डॉक्टरबाईंनी तपासून सांगितलं, की जागा पांढरी पडली आहे, लातूरला त्वचारोगाच्या एक डॉक्टर आहेत त्यांना दाखवा, त्यांच्याकडे लाल उजेडाचा उपचारही आहे. आणि जाता जाता विचारलं, "तुम्ही स्वतः कधी बघितलंय का?"

"त्या इचारल्या आन मला लाज वाटली, म्याडम. तसली लाज न्हाई. आख्ख्या कॉलेजाला सांगतो आपण, बघितल्याबिगर कळत न्हाई म्हणून. आन स्वतःचं?"

म्हणून त्या आरसा घरी घेऊन गेल्या होत्या. न्हाणीत कडी लावून, पाटावर बसून, अगदी जवळ धरून त्यांनी बघितलं.

"येवढा पांढरा चट्टा! तळहातायेवढा. कोडच हे. सगळं पसरलंय. तवापासून डॉक्टरांची चिठ्ठी डब्यात ठेवून दिली. लेकीचं लगीन झालंय माझ्या, पण बहिणीची पोरगी लग्नाची हाय. मावशीला कोड म्हणल्यावर कोण दारात येतंय?"

मी यादी करणारी बाई आहे. रडणं आलं की मला सुचत नाही, पण चूक आली की सुचतं. मी विचारलं, "चंद्रकलाबाई, अंतर्गोल आरसा वस्तूच्या अगदी जवळ धरला तर प्रतिमा कशी दिसते?"

अंधारातून, मुलींना सांगतात त्याच सुरात, उत्तर आलं, "सुलटी, आभासी आन वस्तूपेक्षा मो…"

त्या थांबल्या. मग असं हसू फुटलं त्यांना, की बाहेर बारावीच्या मुली दारापाशी जमल्या. "तीस वर्सं झाली, म्याडम! तीस वर्सं हेच सांगून राहिले मी!"

पुढच्याच आठवड्यात आरसा कपाटात परत आला. यादीत बारा भरले. आणि आम्ही लातूरला जायचं ठरवलं. त्या म्हणाल्या, "तुमाला सगळं टिपून घ्यायची सवय हाय. मी नुसती इचारत बसते. दोगी मिळून एक पेशंट होतो."

नांदेड ते लातूर एसटीने जवळपास चार तास. त्यांच्यासाठी ते चार तास म्हणजे निखाऱ्यावर बसणं. मी यादी केली: हवा भरायची गोल रबरी उशी, सैल सुती साडी आणि एक जास्तीची, पाण्याची बाटली, जुने कागद, प्रश्नांची वही. उशी त्यांना फार आवडली. लोहा गाव येईपर्यंत त्यांनी तिच्यात तीन वेळा हवा कमी-जास्त करून बघितली आणि कुठल्या दाबाला बरं वाटतं ते मला लिहून घ्यायला लावलं. "अर्धी भरलेली बेस. पूर्ण भरली की माणूस तरंगतंय."

दवाखान्याच्या इमारतीत खाली दातांचा दवाखाना होता आणि वर त्वचेचा. जिना एकच. चंद्रकलाबाईंनी घरी, शेजारी, कॉलेजात सगळीकडे दातांचं कारण सांगितलं होतं. पहिल्या पायरीवर पाय ठेवताना त्या म्हणाल्या, "हितपर्यंत खरंच सांगितलंय की मी. वरलं कुणी इचारलं न्हाई."

डॉक्टर चाळिशीच्या, कमी बोलणाऱ्या. तपासून झाल्यावर म्हणाल्या, हे कोड नाही. संसर्गाचं नाही, घरात कुणाला लागत नाही. 'लायकेन स्क्लेरोसस' नावाचा त्वचेचा जुनाट आजार आहे. मुळापासून जात नाही, पण आटोक्यात राहतो. मुख्य औषध मलम, तेही नेमाने. मलमाने पुरेसं बरं वाटलं नाही तर उजेड. फार वर्षं दुर्लक्ष झालं तर क्वचित कुणाला त्यातून वाईट गाठ होऊ शकते, म्हणून एक लहानसा तुकडा तपासायला पाठवू. मी सगळं टिपून घेत होते. चंद्रकलाबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "त्या जागेला नाव काय म्हणायचं?"

डॉक्टर म्हणाल्या, "योनिमुख."

"योनिमुख," त्यांनी म्हणून बघितलं. "लिवा म्याडम. अकरा वर्सं 'तिथं, तिथं' करून राहिले. नावच नव्हतं, मग सापडणार कसं?"

तुकड्यात वाईट काही निघालं नाही. तीन महिने मलम लावलं, खाज निम्म्याने उतरली, पण चिरा भरेनात. तेव्हा उजेड ठरला. पंधरा दिवसांनी एकदा, असं चार वेळा.

त्याची पद्धत अशी. आधी तिथे एक वेगळं मलम लावून वरून झाकायचं आणि तीन तास थांबायचं. ते मलम आजारी कातडीत मुरतं, आणि मग त्यावर लाल उजेड पाडला की त्याचं काम सुरू होतं. ते तीन तास चंद्रकलाबाई एका जागी बसत नसत. गोलाईच्या बाजारात सावकाश चालायच्या आणि दिसेल त्याला प्रश्न विचारायच्या. चष्मेवाल्याला काचेची जाडी. सोनाराला भट्टीचा रंग. एका मोबाइल दुरुस्तीवाल्याला त्याच्या दिव्याखालचं भिंग कितीचं ते विचारून, वर ते उलटं बसवलंय असंही सांगून आल्या. त्याने फिरवून बघितलं आणि आम्हाला चहा पाजला. त्या चहा उभ्यानेच प्यायल्या.

"बसा की मावशी," तो म्हणाला.

"दात दुखून राहिलेत," असं म्हणून त्या माझ्याकडे बघून इतक्या गंभीर राहिल्या की मलाच बाहेर जावं लागलं.

उजेडाच्या खोलीत मी पडद्याच्या अलीकडे बसायचे. दोघींच्याही डोळ्यांवर काळे चष्मे. दिवा लागला की पडदा डाळिंबी व्हायचा. पहिल्या दोन मिनिटांत चंद्रकलाबाईंचा श्वास बदलला.

"झोंबतंय का?" डॉक्टरांनी विचारलं.

"मिरच्या कांडल्या हाताने धरल्यावानी." मग जरा वेळाने, "बाई, हा उजेड कोणत्या लांबीचा हाय?"

परिचारिकेने पंखा जवळ आणला, थंड पाण्याचा फवारा मारला. डॉक्टरांनी तरंगलांबीचा आकडा सांगितला. तो मी वहीत लिहिला.

"लालच कामून? निळा न्हाई चालत?"

"लाल जास्त खोल जातो."

"बरोबर," चंद्रकलाबाई म्हणाल्या, जणू डॉक्टरांची तोंडी परीक्षा चालू होती.

दुसऱ्या वेळी त्यांनी ब्लाउजमधून कापडी पुरचुंडी काढली. आत प्रिझम. हा मात्र कॉलेजचा नव्हे, फुटक्या जिनसांच्या डब्यातून टाकाऊ म्हणून रीतसर मिळालेला, टवका उडालेला. दिव्याकडे थेट बघायचं नाही या अटीवर डॉक्टरांनी परवानगी दिली. आडव्या पडल्या पडल्या, खालून आग होत असताना, त्या प्रिझममधून समोरच्या भिंतीवरच्या लाल पट्ट्याकडे बघत होत्या.

"रंग सुटत न्हाईत," त्या म्हणाल्या. "कडेला ना निळा, ना पिवळा. एकटा लाल. म्याडम, खरं बोलती ही मशीन."

जाताना परिचारिकेने सगळ्यांना देतात तो छापील कागद दिला. त्यात लिहिलं होतं, उपचार केलेल्या जागेवर दोन दिवस ऊन पडू देऊ नका. चंद्रकलाबाईंनी तो दोनदा वाचला आणि डॉक्टरांना विचारलं, "ह्या जागेला ऊन कवा दिसलंय वो?" कमी बोलणाऱ्या डॉक्टर त्या दिवशी टेबलावर डोकं ठेवून हसल्या.

चौथ्या वेळेनंतर चिरा भरल्या. सगळं गेलं नाही. पांढुरकेपणा राहिला, मलम आठवड्यातून दोनदा चालू राहिलं, तपासणीही. पण परतीच्या एसटीत अहमदपूरच्या पुढे त्यांनी उशीतली हवा सोडली, तिची घडी पिशवीत ठेवली आणि सीटवर मांडी घातली. खिडकीबाहेर बघत मुदखेडच्या बाईने लातूरच्या तुरीबद्दल मला पन्नास प्रश्न विचारले.

दातांचं खोटं मात्र वाढत चाललं होतं. कॉलेजात लोक त्यांना कवळीबद्दल विचारायचे. शेजारीण भाकरी दुधात कुस्करून आणून द्यायची. एक दिवस डबा खाताना त्यांचा घास हातातच राहिला.

"मालकांनी मऊ ब्रश आणला काल. नांदेडला येऊन, तीन दुकानं फिरून. दाताला लागू नये म्हणून." डबा झाकून त्या उठल्या. "तकलीफ कुठं, आन माणूस इलाज कुठं करून राहिला बगा."

त्याच सुमारास त्यांच्या धाकट्या बहिणीचा, सुमनचा, विषय निघाला. सुमन किल्लारीला दिलेली. तिची मुलगी लग्नाची. फोनवर बोलता बोलता सुमन म्हणाली होती, की बसायला त्रास होतो, खाज कित्येक वर्षांची आहे आणि आता एक जखम भरतच नाही. चंद्रकलाबाई त्या रविवारी लातूरला उतरून जीपने किल्लारीला गेल्या. गोलाईतून साधा आरसा विकत घेऊन गेल्या. "सपाट," मला फोनवर बजावून सांगितलं, "येवढ्याला येवढंच दावणारा."

सोमवारी प्रयोगशाळेत आल्या. भिंगं पुसत होत्या, एकच भिंग चार वेळा.

"बघितलं तिनं?" मी विचारलं.

"बघितलं. पांढरं तसंच, आन एका अंगाला जखम हाय. मला डॉक्टरांचा शब्द आठवला, वाईट गाठ." भिंग खाली ठेवून त्या म्हणाल्या, "चल म्हणलं लातूरला. न्हाई म्हणली. चामडीच्या दवाखान्याची पायरी कुणी चढताना बघितलं की कोड म्हणतील, पोरीचं लगीन ऱ्हाईल. मी म्हणलं, अगं कोड न्हाई ते, मलाबी तेच हाय. तर काय म्हणावं तिनं?"

"काय?"

"'आक्का, तू दाजीला काय सांगितलंस? दात सांगितलंस ना? गावालाबी दात. तुझं दात चालतंय, मंग माझं कामून न्हाई? तू आदी दाजीला सांग, चारचौघात सांग, मंग मला सांग.'"

मी नेहमीप्रमाणे उपाय सुचवायला लागले. एक, डॉक्टरांशी फोनवर बोलणं करून द्यावं. दोन, सुमनलाही दातांचंच कारण देऊन आणावं. तीन, मी स्वतः किल्लारीला जावं. त्यांनी ऐकून घेतलं आणि दोन नंबरवर बोट ठेवलं. "हे सोपं हाय. पण तिच्या जावा हायेत दोन. त्यांनाबी असंल तर? त्या काय दात काढून घ्यायच्या?"

आठ दिवसांनी गाडीतून उतरून त्या थेट माझ्या टेबलाशी आल्या. प्रयोगशाळेच्या किल्ल्याही घेतल्या नव्हत्या.

"सांगितलं मालकांना."

"काय म्हणाले?"

"बाजेवर बसून ऱ्हायले. मग म्हणले, 'मला वाटलं माझंच काय चुकलं.'" त्यांनी माझ्या टेबलावरचा पेपरवेट उचलला, त्यातून खिडकी बघितली, परत ठेवला. "अकरा वर्सं, म्याडम. त्यानं बाहेर बसून हेच धरून ठेवलं. आन मी आत."

पुढच्या वर्षीच्या जूनमध्ये त्या निवृत्त झाल्या. निरोप समारंभात त्यांनी ताबा माझ्याकडे दिला तेव्हा अंतर्गोल आरसे बारा होते आणि डब्यावर नवी चिठ्ठी होती: 'जवळ धरल्यास मोठे दिसते. घाबरू नये.' प्राचार्यांना वाटलं ती मुलींसाठी आहे.

सुमनचं काय झालं ते मला कळलं नाही. चंद्रकलाबाईंना दोनदा फोन केला. एकदा म्हणाल्या, "अजून हाव म्हणली न्हाई." दुसऱ्यांदा, "पोरीला बघायला पाव्हणे आलेत, आत्ता न्हाई बोलता येत." मी माझ्या वहीत 'सुमन, किल्लारी' असं लिहून पुढची जागा कोरी ठेवली होती. अशी कोरी जागा मला फार टोचते.

दिवाळीनंतर माझी दाढ दुखायला लागली, खरोखरची. लातूरला नणंदेकडे गेले होते, तिथेच गाल सुजला. दातांचा एकच पत्ता मला पाठ होता. मी त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर, गालाला रुमाल लावून बसले. शेजारी मुदखेडच्या एक काकू बसल्या होत्या, त्यांच्या सुनेच्या दातांसाठी आल्या होत्या. दार उघडं होतं आणि दारातून जिना दिसत होता.

फाटकातून चंद्रकलाबाई आत आल्या. मागे एक बाई, त्यांच्यासारखंच नाक, डोक्यावर पदर पुढे ओढलेला, पाय जपून टाकणारी. जिन्यापाशी येऊन ती बाई थांबली. दारातून आत बसलेली माणसं तिला दिसली असणार.

काकूंनी चंद्रकलाबाईंना ओळखलं. "अगं चंद्रकला! अजून दाताचंच का?"

मला उठून काहीतरी बोलावंसं वाटलं, पण तोंड उघडत नव्हतं. चंद्रकलाबाईंनी आधी बहिणीकडे बघितलं, मग आत.

"न्हाई वो काकू. दात धड हायेत माझे. कवाच दुखले न्हाईत."

"मंग?"

"वरच्या मजल्यावर चालले. बहिणीला दाखवायचंय. मलाबी तेच व्हतं."

"वर तर चामडीचा दवाखाना हाय," काकू म्हणाल्या. सगळी खोली ऐकत होती.

"हाव. तोच."

काकूंनी माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "तुमाला ठाव व्हतं का वो, हिचं दाताचं न्हाई म्हणून?" मी सुजलेल्या गालाकडे बोट दाखवलं.

बाहेर सुमनने डोक्यावरचा पदर किंचित मागे सारला. चंद्रकलाबाई एक पायरी पुढे होत्या आणि वळून तिला काहीतरी विचारत होत्या, बोटाने जिन्याच्या खिडकीतून पडलेला उजेड दाखवत. सुमन मान हलवून वैतागली, तरी तिने तिकडे बघितलं. मग दोघी चढायला लागल्या. गोल उशी सुमनच्या काखेत होती, अर्धी भरलेली.